चमचा सोडून सर्व काही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे ब्याऐंशी, आयुष्यभराचा उद्योग जुन्या चांदीचा संग्रह आणि अभ्यास, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वेच्छेने आणि शुद्धलेखनाचे नियम पाळून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणाची भीड नाही आणि कोणत्याही औषधाची गुंगी नाही. शुद्धीचा दाखला देण्यासाठी डॉक्टर घरी आले होते. त्यांनी विचारले, "आजोबा, आज वार कुठला?" मी म्हणालो, "कुठला नव्हे, कोणता. वाराला गाव नसतं. आज गुरुवार." डॉक्टर वकिलांकडे वळून म्हणाले, "शुद्धीवर आहेत. जरा जास्तच आहेत." दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलांनी टंकलिखित केले होते आणि त्यात माझ्या पत्नीचा उल्लेख ‘विभक्त पत्नी’ असा होता. मी तो शब्द खोडला. वकील म्हणाले, "कायद्याचा शब्द आहे, साहेब." मी म्हणालो, "असेल. विभक्त म्हणजे वेगळा झालेला. विभक्ती म्हणजे शब्दाचं वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाशी असलेलं नातं. आमच्यात दुसरी गोष्ट आहे." पत्नी गेली सहा वर्षे आमच्या मुलीकडे राहते. सत्य एवढेच आहे आणि या दस्तऐवजात एवढेच लिहिले जाईल.

मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. त्यांतील दुसरी जागा मी एका व्यक्तीसाठी राखून ठेवली आहे. ती व्यक्ती सही करण्यास आली नाही, तर अन्य कोणाचीही सही त्या जागी घेऊ नये. मग हा कागद रद्दीत गेला तरी चालेल. कारण कलम पाचमध्ये आहे. वाचणाऱ्याने उडी मारून तेथे जाऊ नये. कलमांना क्रम असतो.

कलम एक. माझे राहते घर, तळमजला व वरचा मजला, कपाटांसह, मी माझ्या मुलीस देतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. ती दातांची डॉक्टर आहे. चांदीशी घराण्याचा संबंध तिनेही राखला, मात्र लोकांच्या दाढांत.

हे घर तिला प्रिय नाही, हे मला ठाऊक आहे. चांदी हवेने काळी पडते. अंडे, रबर, ओली लोकर यांच्या वाफेने अधिक लवकर पडते. म्हणून आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तळमजल्याच्या खिडक्या बंद झाल्या आणि ओलावा शोषण्यासाठी खणाखणांत खडूचे तुकडे ठेवले गेले. मुलीला घरात रबराचा चेंडू आणता आला नाही. तिने मोज्यांचा चेंडू केला. तोही लोकरीचा निघाला. पत्नीला अंडे खावेसे वाटले की ती शेजारी पोस्टमास्तरांकडे जाई आणि परत आल्यावर दारातच थबकून विचारी, "अहो, आत येऊ, की आधी तोंड धुऊ? तुमच्या किटल्या काळवंडतील." मी म्हणे, "धुऊन ये." थट्टा मला कळत असे. तरीही मी तेच म्हणे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तिने पुढच्या खोलीची खिडकी उघडली. मी ती लावली. तिने पुन्हा उघडली, मी पुन्हा लावली. मग ती वर गेली आणि पिशवी भरून खाली आली.

"मी लेकीकडे जाते. तिच्याकडे तिन्ही बाजूंनी वारा येतो."

"परत केव्हा येणार?"

"खिडकी उघडलीत की कळवा."

मी कळवले नाही, कारण खिडकी उघडली नव्हती. आणि खोटे कळवणे माझ्या स्वभावात नाही.

कलम दोन. माझा चांदीचा संग्रह. वडिलांचा तांब्यापितळेचा घाऊक व्यापार विकून आलेल्या पैशांतून मी तो उभा केला. कारागिरांच्या शिक्क्यांवर दोन ग्रंथ आणि भांड्यांच्या झिजेवर एक निबंध मी लिहिला. हा संग्रह मी या मृत्युपत्राने कोणासही देत नाही, कारण तो आता माझा नाही. घडले ते असे.

पहिल्या मृत्युपत्रात संग्रह शहरातील संग्रहालयास आणि घर पत्नीस, अशी वाटणी होती. माझ्यामागे तिने खिडक्या उघडाव्यात आणि सुखाने राहावे, असे एक वाक्य मी स्वतः घातले होते. त्या वाक्याची रचना उत्तम होती. वकील तो मसुदा घेऊन तिच्याकडे गेले. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि परत केला. वकिलांनी तिचे उत्तर मला जसेच्या तसे सांगितले: "मला त्यातलं काही नको. घर नको, चांदी नको. ते गेल्यावर खिडक्या उघडून मी काय करू? वारा घेणार कोण, त्यांची रिकामी खुर्ची?"

मी ते वाक्य बराच काळ तपासले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

त्यानंतरच्या महिन्यात मी बक्षीसपत्र करून सर्व संग्रह संग्रहालयाच्या स्वाधीन केला. अट एकच: भांड्यांखालच्या पाट्या छापण्यापूर्वी मला दाखवाव्यात. पेट्या गेल्या त्या दिवशी संचालिकाबाई म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय." मी म्हणालो, "खिडकी उघडी आहे. धूळ येते." त्यांनी माझे वाक्य दुरुस्त केले नाही. आता कपाटांत केवळ मखमल आहे आणि मखमलीवर ठसे आहेत. ठशावर बोट फिरवून मी अजूनही सांगू शकतो की किटलीची तोटी कोणत्या बाजूस होती. घरात रस्त्यावरचा आवाज येतो. समोरच्या शिंप्याच्या यंत्राला इतकी लय आहे, हे मला माहीत नव्हते. तिला माहीत असणार. ती वरच्या मजल्याच्या खिडकीत बसत असे.

कलम तीन. पुतण्या. याने एका सुट्टीत, मला आनंदाचा धक्का देण्याच्या हेतूने, माझे एक तबक दात घासण्याच्या पावडरीने घासले. तबक आरशासारखे लखलखले आणि कारागिराचा शिक्का समूळ गेला. दीडशे वर्षे टिकलेले नाव याने एका दुपारी पुसले आणि वर विचारले, "काका, कसं चमकतंय?" याच पुतण्याने आपल्या लग्नाच्या पत्रिकेत ‘प्रार्थनीय’मधला ‘नी’ ऱ्हस्व छापला. मी त्यास माझा शब्दकोश देतो आणि पावडरीचा तो अर्धा डबाही देतो, जो मी पुरावा म्हणून जपला आहे. माझ्या बँकेतील ठेवींपैकी एक चतुर्थांश रक्कमही त्याचीच. मुलगा मनाने वाईट नाही. चमक आणि किंमत यांतला फरक पुष्कळांना कळत नाही.

कलम चार. उरलेल्या ठेवींच्या व्याजातून, घर सांभाळणाऱ्या बाईंना त्यांचा पगार तहहयात मिळत राहील. खिडक्या उघडल्यापासून त्या रोज एकदा म्हणतात, "इतकी वर्षं बंद होत्या तेच बरं होतं. आता ही धूळ कोण पुसणार, तुमचं व्याकरण?" त्यांच्या पगारात वाढ करावी.

पहिले साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर सही करतील. कायद्याप्रमाणे साक्षीदारास मृत्युपत्रातून काही देता येत नाही. दिले तर ते देणे फुकट जाते. हे मी त्यांना सांगितले.

"म्हणजे सही केली की मला काही नाही?"

"काही नाही."

"आणि नाही केली तर?"

"तरीही काही नाही."

"मग करतो. निदान चहा तरी मिळेल."

कलम पाच. माझ्या पत्नीस मी काहीही देत नाही.

हे वाक्य मी घाईत लिहिलेले नाही. या संपूर्ण दस्तऐवजात सर्वांत जास्त विचार याच वाक्यावर केला आहे. कोणी त्याचा विपरीत अर्थ लावू नये. तिला काही नको आहे, हे तिने स्पष्ट सांगितले आहे. आणि जिला काही मिळत नाही, ती साक्षीदार होऊ शकते. साक्षीदारास प्रत्यक्ष यावे लागते. टपालाने चालत नाही, फोनवर चालत नाही, मुलीमार्फत चालत नाही. मी सही करताना तिला त्याच खोलीत, मला पाहत बसावे लागते. पुष्कळ कायदे मी वाचले. इतका सहृदय कायदा दुसरा नाही.

तिला तसा निरोप मुलीकरवी पाठवला आहे. खिडक्या उघडल्याचेही कळवले आहे. मुलीचा फोन आला.

"बाबा, आईनं हो म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंय का?"

"तसंही नाही. ‘बघू’ म्हणाली."

"‘बघू’ म्हणाली, की ‘बघेन’?"

"काय फरक पडतो, बाबा?"

फरक पडतो. ‘बघेन’ हे एकवचन आहे. त्यात माणूस एकटा असतो. ‘बघू’ हे प्रथम पुरुषाचे अनेकवचन आहे. त्यात कमीत कमी दोन माणसे लागतात. लोक हे रूप सहज, अर्थ न पाहता वापरतात, याची मला कल्पना आहे. तरीही गेले काही दिवस मी त्या ‘ऊ’काराच्या आधाराने राहत आहे.

पुढच्या खोलीतील टेबल मी फिरवून घेतले आहे. ती डावखुरी आहे. डाव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड उजवीकडून हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर पडते. ते टेबल इतकी वर्षे माझ्या सोयीने उभे होते. शाईची दौत आता डाव्या बाजूस आहे.

कलम सहा. एका चमच्याविषयी. हा चमचा या मृत्युपत्रात समाविष्ट नाही, कारण तो माझ्या मालकीचा नाही. पत्नीने तो माहेरून आणला. लग्नानंतर लगेचच तिने तो मला कौतुकाने दाखवला होता. मी भिंगाखाली धरून सांगितले की यावर शिक्का नाही, कारागीर अज्ञात आहे, चांदी कमी आणि तांबे जास्त आहे. ती म्हणाली, "साखर ढवळता येते ना?" आणि तो स्वयंपाकघरात गेला. त्यानंतर रोज दोन वेळा तिने त्याच चमच्याने चहा ढवळला.

झिजेवरचा माझा निबंध अशाच एका परक्या चमच्यावर आहे. उजव्या हाताने ढवळणाऱ्याच्या चमच्याची डावी कड झिजते. डावखुऱ्याच्या चमच्याची उजवी. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका चमच्याची उजवी कड झिजलेली पाहून मी सिद्ध केले की तो एका डावखुऱ्या स्त्रीचा होता. त्या स्त्रीविषयी मी जेवताना बोलत असे, पाहुण्यांपुढे बोलत असे. पत्नी तिला माझ्यादेखत ‘सवत’ म्हणे. "सवतीला एकदा जेवायला बोलवा हो. मीही बघते, कुठल्या हातानं जेवते ते." हे ती डाव्या हाताने चहा ढवळत म्हणत असे. ‘कुठल्या’ हा शब्द मी तेव्हाही दुरुस्त केला.

ती गेली तेव्हा तो चमचा मागे राहिला. विसरून की मुद्दाम, मला ठाऊक नाही. त्याची उजवी कड कागदासारखी पातळ झाली आहे. मी मोजमाप केले. जेवढी चांदी त्यातून गेली, ती कोठे गेली असेल, हा प्रश्न निबंधात मी विचारला नव्हता. ती पेल्यात गेली, चहात गेली, कणाकणाने तिच्यात गेली. जगातील कोणत्याही लिलावात मला ती चांदी विकत घेता येणार नाही.

हा चमचा मी सांभाळून ठेवला आहे. कोठे ठेवला आहे, हे मी येथे लिहीत नाही. मुलीस, वकिलांस किंवा बाईंसही सांगितलेले नाही. ज्या व्यक्तीचा तो आहे, तिने मला विचारावे.

यामागील हेतू स्पष्ट करतो, कारण अस्पष्ट हेतूवर कज्जे होतात. मृत्युपत्र ही सर्वस्वी षष्ठी विभक्तीची रचना आहे. माझे घर, माझी चांदी, माझ्या ठेवी. चा, ची, चे. हे प्रत्यय मी आयुष्यभर जमवले आणि आज वाटून मोकळा झालो. परंतु विभक्त्यांच्या तक्त्यात सर्वांत शेवटी, पुष्कळ विद्यार्थी पाठ करायला विसरतात अशी, आणखी एक विभक्ती असते: संबोधन. तिच्यात मालकी नसते, देणेघेणे नसते; फक्त हाक असते. गेल्या सहा वर्षांत मला ‘साहेब’, ‘काका’, ‘बाबा’, ‘आजोबा’ अशा पुष्कळ हाका आल्या. एक आली नाही. आणि समोरच्या माणसाला काही विचारायचे झाले, तर आधी हाक मारावीच लागते.

यापलीकडे माझी कोणतीही इच्छा नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, एक अनुस्वार दुरुस्त केला. त्यावर कोणाचीही हरकत चालणार नाही.

ठिकाण: राहत्या घराची तळमजल्यावरील पुढची खोली, खिडक्या उघड्या असताना.

दिनांक: दुसरी साक्षीदार येईल त्या दिवसाचा घालावा.

(त्याच हस्ताक्षरात, वेगळ्या दिवशी) रविवार, आठ फेब्रुवारी.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार पहिले: निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीवर होते. मला काही मिळणार नाही हे समजून सही करीत आहे. चहा अद्याप मिळालेला नाही.

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणाऱ्यांची पत्नी. माझ्यासमोर सही केली, मी पाहिली. उजेड बरोबर पडतो आहे.

अहो, चमचा कुठे ठेवलात?