दिल्लीच्या गाड्या आणि आण्णा

ती. आईस, कल्याणचा दिल्लीहून वैतागलेला नमस्कार.

आमी सुखरूप हाय. फोन केला की आण्णा शेजारीच बसत्यात, म्हनून हे पत्र.

नव्या गाड्यांचं प्रदर्शन बघायचा हट्ट त्यांचाच. जन्म वडापच्या जीपवर गावोगावच्या शिटा वाहन्यात गेला, म्हनून हितं पन प्रत्येकाला म्हनत्यात, "बॉनेट उघडा, इंजिन बघू द्या." विजेच्या गाडीत इंजिन नसतं म्हनालो, तर माज्यावरच चिडले. थंडी लई हाय, पन मफलर बांधत न्हाईत.

मी पाणी आनायला गेलो, तर मागं गर्दी जमली. आण्णा नव्या गाडीला हळदकुंकू लावत हुते. ती पुडी त्यांच्याकडं दिलीसच कशाला? रखवालदार हसत हुता, लोकं मोबाईल काढून उभी.

जवळ गेलो, तर ती गाडी नव्हतीच. भिंतीवर लावलेलं गाडीचं मोठं चित्र हुतं. आण्णा मला विचारत्यात, "हा हसतोय कशाला?"

मी त्यांचा हात धरून त्यांना भाईर आनलं.

शेळी व्याली का? तुजे गुडघे कसे हायेत?

मथुरा करून पुढच्या आठवड्यात येतो. तवर जामखेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं आण्णांचा नंबर लाव. जीपची किल्ली पिठाच्या डब्यात लपव. आन माज्या दिशाला आता शाळेला आण्णांच्या जीपनं न्हाई, यष्टीनंच धाड.

तुजा,
कल्याण