हो, आत्ताच जेवले

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर आडवी झाले तर उठवायला माणूस लागेल). तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे, पण मी चिडले आहे, आणि त्या रागातला मोठा वाटा तुझा आहे.

सरकार गरजूंना किराण्याचं कार्ड देतं, ते विद्यार्थ्यांनाही मिळतं, असं कॉलेजच्या फळ्यावर वाचून मी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने (याला आम्ही सगळे ‘उद्या या’ म्हणतो) सांगितलं, पूर्णवेळ शिकणाऱ्याने आठवड्याला वीस तास नोकरी केली तरच कार्ड. मी ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावते, अठरा तास. त्याच्या वर ग्रंथपालबाई देत नाहीत, अभ्यास बुडतो म्हणतात. मग मी करू काय, असं विचारलं, तर हा बाबा अगदी मायेने म्हणाला, “कॉलेज सोडा ना, लगेच मिळेल.” म्हणजे शिकायचं तर उपाशी आणि खायचं तर अडाणी! तळपायाची आग मस्तकात गेली. (पोटात काही नसलं की ती फार भरभर जाते, वाटेत अडायला काही नसतं.)

तरी एक फट निघाली. खरोखर उपासमार होत असेल तर कचेरीतल्या मोठ्या बाई तासांची अट माफ करतात. तीन आठवड्यांनी मुलाखत मिळाली. बाई भल्या होत्या, डबा उघडून बसल्या होत्या. मला बघून सहज म्हणाल्या, “जेवलीस का गं?” आणि आत्या, तुझी शिकवण तोंडातून बाहेर पडली. शेजारणीकडे ‘नाही जेवले’ म्हणाले म्हणून सहाव्या वर्षी तू काढलेला चिमटा आठवतोय? कुणीही विचारलं तरी ‘हो, आत्ताच’ म्हणायचं, आपल्या घरात कुणी कुणापुढे हात पसरत नाही! मी म्हणाले, “हो बाई, आत्ताच. पोट अगदी तट्ट आहे.” (आदल्या दुपारपासून दोन बिस्किटं आणि ग्रंथालयाच्या कुलरचं पाणी.) बाईंनी ते लिहून घेतलं. अर्ज नामंजूर, कारण ‘अर्जदार पोटभर जेवते, असे तिचेच म्हणणे आहे.’ मी ओरडले, बाई, ते खोटं होतं! तर खोटी माहिती दिल्याबद्दल वेगळा कागद हातात पडला.

मला भयंकर राग येतो, आत्या. तिसऱ्या तासाला फळ्यावरची अक्षरं हलायला लागतात. परीक्षा महिन्यावर आली आहे, आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही. नियम करणारे सगळे जेवून उठल्यावर नियम करतात, आणि आपण भुकेलाच लाजतो.

तुझी (सरकारी नोंदीप्रमाणे) पोटभर जेवलेली भाची

ता. क. सोमवारी अपील आहे. घरातल्या मोठ्या माणसाचं सहीचं पत्र लागतं, की ही मुलगी जेवणाबाबत लहानपणापासून खोटं बोलते आणि ते आम्हीच शिकवलं. तू लिही. चिमटाही घाल त्यात.

आणखी एक. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. ती रोज फोनवर ‘जेवलीस का’ विचारते, मी रोज ‘हो’ म्हणते.

पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं. परवा फोनवर मी तुलाही विचारलं होतं. तू म्हणालीस, “हो, आत्ताच.” तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. आत्या, काय जेवली होतीस?