जून बाद

अण्णा, आईचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाले, लांबचं काही बघायचं राहिलं असेल तर याच वर्षी बघून घ्या. ती लगेच म्हणाली, "नॉर्वे." तुम्ही आम्हाला सोडून गेलात त्याला इतकी वर्षं झाली, पण तिचं उत्तर तेच आहे. आणि मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! बाप म्हणून तुमच्याबद्दल तक्रार नाही. नवरा म्हणून आहे.

तिला काय हवं होतं हो? रात्री बारा वाजता आकाशात सूर्य बघायचा होता. मंडळात कुणीतरी फोटो दाखवले, तेव्हापासूनचं वेड. बंगळूरच्या आपल्या राजाजीनगरातल्या घरी, त्या स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटतेय, तुम्ही ताटावर बसलाय, आणि ती भीतभीत विचारते, "यंदा जूनमध्ये जमेल?" तुम्ही कारखान्यात सुटे भाग तपासायचात, एक बारीक चरा दिसला की अख्खा भाग बाद. घरीही तेच. जून बाद, कारण रात्रच होत नाही, म्हणजे आकाशातले ते हिरवे झोत, नॉर्दर्न लाइट्स, दिसणार नाहीत. जानेवारी बाद, कारण तिकडे उत्तरेला सूर्यच उगवत नाही. सप्टेंबरात झोत दिसतात, पण मध्यरात्रीचा सूर्य गेलेला असतो. "इतक्या लांब जायचं तर एकाच फेरीत दोन्ही बघू. स्वल्प थांब." अहो अण्णा, दोन्ही एकत्र दिसतील असा ऋतूच नाही! आणि झोत तिने मागितलेच कुठे होते? पण इथल्या कन्नडमधून उचललेलं तुमचं ते 'स्वल्प', म्हणजे 'थोडंसं', काही संपलं नाही. तुम्ही असं म्हणालात की ती गॅस बारीक करायची.

वर तो स्वेटर! एका दिवाळीला जाडजूड लोकरीचा आणलात, "तिकडे लागेल" म्हणून. बंगळूरमध्ये तो घालणार कधी? दर वर्षी ती त्याला ऊन दाखवते, डांबराच्या गोळ्या बदलते, परत ठेवते. एकदा मी म्हटलं, देऊन टाक कुणाला तरी. तर माझ्यावरच खेकसली. तुमच्यावर मात्र कधी खेकसली नाही, हे मला अजून खुपतं.

म्हणून मी ठरवलं, जून. ते फिकट झोत आता तिला दिसायचेही नाहीत, पण सूर्य दिसेल. एचएसआरमधल्या माझ्या घरून मुद्दाम तिच्याकडे गेले आणि सांगितलं. स्वेटर मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली, इतकी खूश होती. घरी आल्यावर मी सहज तिकडच्या हवामानाचं वाचायला लागले. जूनमध्ये ढग असले तर? रात्रभर नुसतं पांढरं आभाळच दिसलं तर? त्यापेक्षा जुलै बरा का?

हे तुम्हाला पाठवायचं कुठे म्हणा. तरी सांगून टाकते, तिकीट अजून काढलेलं नाही. काल आई चहा करत होती. "काढलंस का गं?" म्हणाली. मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले, "स्वल्प थांब."

तिने चाचपडत गॅस बारीक केला.