कालचं सूप

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलंय. सकाळी दुकानात लोकांच्या पँटी उसवतो, दुपारी घरी येऊन भोपळा चिरतो. बाबा दोन चमचे घेतात, छान झालंय म्हणतात आणि वाटी सरकवतात. त्यांचे सदरे गळ्याशी सैल पडलेत. मी टेलर, मला ते आधी दिसतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. भीती वाटते गं.

आईचं भोपळ्याचं सूप तरी घशाखाली उतरेल म्हणून तेच करतोय. भोपळा, कांदा, मिरी, लोणी, सगळं तिच्यासारखं. ताजं करतो आणि वाफा निघताहेत तोवर पुढे ठेवतो. काल बाबा म्हणाले, चांगलं आहे, पण दुसऱ्या कुणाच्या घरचं वाटतं. नेमकी माशी कुठे शिंकते, तेवढं कळव.

माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ढब्बू

ता. ११ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी काळजी वाटली, मग हसू आलं. अरे वेड्या, ताजं वाढतोस हीच तर चूक. आई पहाटेच कारखान्यात जायची. संध्याकाळी पातेलं चढवायची ते दुसऱ्या दिवसासाठी. तू ओट्यापाशी बसून आजचा वास घ्यायचास आणि जेवायचास कालचं. गरम मी करायचे, म्हणून मला ठाऊक. तुझं लक्ष खाण्यात.

आपलं घर कायम एक दिवस मागे चालायचं बघ. रात्रभर ते सूप मुरायचं, दाट व्हायचं, मिरी मवाळ व्हायची. आईचं ताजं सूप बाबांनी जन्मात चाखलेलं नाही. तेव्हा पातेलं झाक आणि खुशाल झोप. कुणी शिळं म्हणालं तर म्हणू दे.

बाबांना नमस्कार. तुझ्यावर माया आहेच, मागायची गरज नाही.
तुझी,
ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. दुपारी मंद आचेवर सूप गरम करत होतो, तर बाबा आपणहून येऊन बसले. एक वाटी संपवली, दुसरी मागितली. मग डोळे मिटून म्हणाले, तिची यायची वेळ झाली. खरं सांगतो, मीही दाराकडे पाहिलं. उन्हात सगळं घर पेंगुळल्यासारखं झालं होतं आणि ती येणार नाही, हे थोडा वेळ आम्ही दोघंही विसरलो.

आता भीड चेपलीय. बटाटा आणि वाटाणे घालून माझं स्वतःचं एक सूप मुरायला ठेवलंय. फसलं तर शिव्या तुला.

लोभ आहेच, तो असाच मुरू दे.
तुझा,
ढब्बू

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावलो, तर बाबा ओट्यापाशी उभे राहून भोपळ्याचे ओबडधोबड तुकडे करत होते. भूक लागली का, म्हणून विचारलं. म्हणाले, आत्ता नाही रे, उद्या लागेल.