साहेबांच्या धुतलेल्या सदऱ्यांबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
वालीव रंग कारखाना मृत्यू प्रकरण,
मुक्काम वसई, जि. ठाणे.

विषय : अ‍ॅनिलिनचे ड्रम हाताने रिकामे करण्याचे काम बंद करणेबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल, मार्च १९७९.

महोदय,

१. अर्जदार क्लेमेंटीन ही मयत सिप्रियन याची विधवा असून आपल्या बंगल्यावरचे कपडे धुऊन इस्त्री करून देते. आपण तिला नावाने ओळखत नसाल, सदऱ्यांच्या शुभ्रपणावरून ओळखता.

२. सिप्रियन कारखान्यात ड्रम रिकामे करी. त्या दिवशी सकाळी ड्रममधले अ‍ॅनिलिनचे तेल अंगावर सांडले. पाळी संपेपर्यंत त्याला सोडले नाही. घरी येऊन "गो, पानी दे, डोका फुटते," एवढेच बोलला. ओठ निळे, नखे निळी. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत संपला.

३. अहवालात आपण मोठी विद्वत्ता खर्च केली आहे. संस्कृतातला 'नील' अरबांनी नेला, पोर्तुगिजांनी त्याचा 'अनिल' केला, त्यावरून जर्मन शास्त्रज्ञाने 'अ‍ॅनिलिन' हे नाव ठेवले. सबब नाव आपल्याच निळीचे असून घरोघरच्या निळीपासून अपाय संभवत नाही. निळ्या ओठांबद्दल आपण लिहिता, की मयताची पत्नी कपड्यांना नीळ देते, तिचेच हात लागले असावेत. हे वाक्य कारखान्याच्या फाटकावर सर्वांसमक्ष वाचून दाखवले. तेव्हापासून सासू अर्जदाराच्या हातचे पाणी घेत नाही. अर्जदारास आपला संताप आला, हे ती लपवीत नाही.

४. मयताच्या जागी आता त्याचा धाकटा भाऊ आग्नेल यास लावले आहे. परवा त्याचीही नखे निळसर दिसली. त्याला अर्जदाराने हात लावलेला नाही.

५. आपल्या निष्कर्षाचा मान राखून अर्जदाराने या खेपेस आपल्या एका सदऱ्यास दुकानच्या निळीऐवजी आग्नेलच्या ड्रममधले तेल दिले आहे. तेलाच्या मासळीसारख्या वासाची तक्रार नसावी. वसईत मासळीचा वास कुठल्या कपड्याला नसतो? सदरा कोणता, हे ती आज सांगत नाही. काम बंद केल्याचा लेखी हुकूम आग्नेलच्या हाती पडला की कळवील. सदरे न वापरता परत पाठवल्यास, साहेबही निळीला भ्याले, असे ती त्याच फाटकावर वाचून दाखवील. तोवर सर्व सदरे निःशंकपणे अंगात घालावेत. नाव निळीचेच आहे.

आपले कपडे धुणारी,
क्लेमेंटीन सिप्रियन तुस्कानो
दि. ९ एप्रिल १९७९

सोबत : इस्त्री केलेले सदरे, सहा.