जिन्याखालचे दार बसले, त्याची हकिकत

आदरणीय दादांस नम्र अभिवादन.

आपला गुडघा आता दुमडतो असे कळले. किती अंशांत, ते मात्र कोणी धड सांगत नाही.

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. एक: आमच्या जिन्याखालच्या कपाटाला काटकोन त्रिकोणी दार हवे होते. दोन: आपण, अभियंता आणि माझ्या पत्नीचे थोरले बंधू अशा दुहेरी अधिकाराने, सर्वांदेखत म्हणालात, "भूमितीचे प्राध्यापक, आधी पुठ्ठा कापून सुताराला द्या, नाहीतर फजिती होईल." तीन: मी दिला नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. त्याच मापांचा दुसरा त्रिकोण त्याच्याशी एकरूपच असणार. म्हणून सुताराला फोनवर नव्वद, एकशेवीस, एकशेपन्नास सेंटिमीटर एवढेच सांगितले. (त्याने चौथा आकडा विचारला; मी फोन ठेवला.) चार: दार न बसल्यास घराच्या उरलेल्या दुरुस्तीत शब्द आपला चालायचा, अशी पैज होती. स्वयंपाकघराविषयीची आपली मते ठाऊक असल्याने हरणे मला परवडणारे नव्हते.

दार आले. एका बाजूला सुरेख पॉलिश, त्यावर कडी ठोकलेली; मागे कोरे प्लायवूड. सुताराने ते चौकटीला लावून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "साहेब, हे उलट झालं! उभी बाजू डावीकडे हवी, ती उजवीकडे आली. नवीन करून देतो." नवीन? शेजारी डोकावत होते, आपली बहीण तोंडावर हात धरून हसत होती. मी शांतपणे (म्हणजे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढून) सांगितले की, आरशातला त्रिकोणही मूळ त्रिकोणाशी एकरूपच असतो. फक्त पालथा घालावा लागतो. घातला. आणि दादा, दार बसले! फटीत पोस्टकार्ड शिरेना. सुताराने हत्यारे आवरली, शेजारी पांगले, आणि आपल्या पुठ्ठ्याचा कायमचा निकाल लागला.

आपला,
पैज जिंकलेला मेहुणा

ता. क. पालथे घातल्याने पॉलिश आणि कडी दोन्ही आत गेली. एकरूपतेला त्याने बाध येत नाही.

आणखी ता. क. आपली बहीण दुपारी उशी, दिवा आणि कादंबरी घेऊन कपाटात शिरली आणि तिने आतून कडी घातली. "लग्न झाल्यापासून इतकं शांत कधी वाटलं नव्हतं," असे ऐकू येते. सिद्धता बाहेरून दोनदा सांगून पाहिली. "अहो, आधी पुठ्ठा मागवा, मग बघू," एवढेच उत्तर. तरी पुठ्ठा आपणच कापून पाठवावा, आणि पुढची बाजू कोणती ते त्यावर ठळक लिहावे. (हा केवळ प्रयोग, हार नव्हे.) पैज मीच जिंकलो, हे मात्र उलट टपाली, लेखी, सहीनिशी कळवावे.