मेंढीच्या आतड्याचं संगीत

२ मार्च
ठरलं. तेवीस तारखेला शाहूपुरीतल्या हॉलमध्ये माझा पहिला जाहीर कार्यक्रम. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, तेव्हाच्याच पद्धतीच्या व्हायोलिनवर, मेंढीच्या आतड्याच्या तारा लावून. कोल्हापुरात असं वाजवणारा मी एकटा. म्हणजे पहिला नंबर आत्ताच आला. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, घर अदितीच्या पगारावर चालतं. तिचे भाऊ बाळासो म्हणाले, या कार्यक्रमानंतर कुठूनच बोलावणं आलं नाही, तर एक एप्रिलपासून कसबा बावड्यात आमच्या पेंडीच्या दुकानात बसायचं. लगेच हो म्हणालो. बोलावणं न येण्याचा प्रश्नच येत नाही.

६ मार्च
सगळ्यात बारीक तार तुटली. मग तिच्या शेजारची. इटलीहून मागवलेलं पाकीट संपलं, नवीन यायला दीड महिना. ऑर्केस्ट्रावाला सम्राट म्हणतो, स्टीलच्या टाक, कुणाला कळतंय. शिसारी आली. लग्नांत वाजवून वाजवून माणूस असा होतो. (मलाही एका लग्नात बोलावलं होतं. एकदाच.)

८ मार्च
तारा घरीच करणार. त्या काळी लोक करतच होते, आणि त्यांच्याकडे यूट्यूबही नव्हतं. खाटीक गणपतरावांकडे मेंढीचं आतडं मागितलं. त्यांनी विचारलं, वजडी करून खायला व्हय? म्हटलं, संगीताला. त्यांनी पैसेच घेतले नाहीत. कलेबद्दल आदर अजून शिल्लक आहे.

९ मार्च, सकाळी ६
आतडं रात्रभर सोड्याच्या पाण्यात होतं. बाथरूमचं दार उघडलं आणि बंद केलं. मग नाकाला रुमाल बांधून चरबी खरवडली. दोनदा ओकलो. अदिती शेजारच्या निशिगंधाताईंकडे आंघोळीला गेली. मोठ्या कलावंतांना घरून साथ नसतेच. उद्यापासून रोज चार तास रियाज.

१३ मार्च
तारा पिळून गच्चीवर ताणून वाळत घातल्या. कावळे. दिवसभर काठी घेऊन बसलो, त्यामुळे रियाज नाही. सोसायटीची तक्रार आली. अडाणी लोक.

१९ मार्च
तारा बसवून वाजवून पाहिल्या. जाडी थोडी कमी-जास्त. एक बुटाच्या नाडीएवढी. अदिती म्हणाली, बोका कुठंतरी अडकलाय. आणि वास. तिच्या कानांना अठरावं शतक कळत नाही. रियाज उद्यापासून नक्की.

२४ मार्च
काल कार्यक्रम झाला. ऐंशी खुर्च्या, अकरा माणसं, त्यांतली सात बाळासोंच्या घरची. स्टेजवरच्या दिव्यांनी तारा तापल्या. थोड्याच वेळात पहिल्या रांगेत रुमाल निघाले. लोक गहिवरले म्हणून तोच भाग डोळे मिटून पुन्हा वाजवला. डोळे उघडले तर खुर्च्या रिकाम्या. तेवढ्यात तार उलगडून मांडीवर पडली. ओलसर. शी. मलाच किळस आली, हे इथे लिहायला हरकत नाही.

२६ मार्च
बोलावणं आलं! हॉलच्या मॅनेजरचं. स्टेजचा वास जात नाही, येऊन धुऊन द्या, म्हणाला. ताबडतोब बाळासोंना फोन लावला आणि हॉलवाल्यांनी परत बोलावलंय एवढंच सांगितलं. पण त्यांना सगळं आधीच कळलं होतं.
“दाजी, धुऊन या की. आन् एक तारखेला दुकानात येताना आंघोळ करून या.”

१ एप्रिल
दोनदा आंघोळ करून गेलो. तरी बाळासोंनी माझी खुर्ची दुकानाबाहेर टाकून ठेवली होती.